नाकावरचा बेसल सेल कार्सिनोमा: साधं ऑपरेशन की मोह्स?

सिन्नरची_लेक:
आईच्या (वय ६८) डाव्या नाकपुडीवर काळसर पुटकुळी आहे. सगळे तीळच म्हणायचे, पण मधूनच खपली निघून रक्त यायचं. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा (कातडीचा एक कॅन्सर) आला. एक सर्जन म्हणतात, ४ मिमी मार्जिन (भोवतीची चांगली कातडी) घेऊन काढू आणि लगेच फ्लॅप (जखमेवर सरकवलेली शेजारची कातडी) फिरवू. दुसऱ्यांनी मोह्स सर्जरी (एकेक थर काढून तो तिथेच तपासत जायची पद्धत) सुचवली. काय करावं? आई एकच विचारते, नाक राहील ना?

मीनल:
धीर धरा. हा कॅन्सर शरीरात दुसरीकडे क्वचितच पसरतो. पण जागच्या जागी पोखरत जातो, म्हणून लांबवू नका. आपल्या सावळ्या कातडीत तो बरेचदा काळाच दिसतो.

लॅबवाल्या_काकू:
ताई, माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये असले तुकडे कापण्यात गेली. नेहमीच्या पद्धतीत तुकड्याचे पावासारखे उभे काप करतो आणि त्यातले मोजकेच काचेवर जातात. दोन कापांच्या मधे आजार कडेला भिडला असेल, तर तो नजरेतून सुटू शकतो. मोह्समध्ये तुकड्याला रंगीत शाईने खुणा करतात, कडा दाबून तळाशी सपाट करतात, गोठवतात आणि आडवे काप घेतात. जवळजवळ सगळी कड दिसते. आजार उरला असेल तेवढ्याच जागेवरून पुढचा थर काढतात. नाकावर एकेक मिलिमीटर कातडी मोलाची, म्हणून तिथे मला ही पद्धत उजवी वाटते.

ती सगळीकडे होत नाही, त्यासाठी अडून बसू नका. पण साधं ऑपरेशन ठरलं तर सर्जनना स्पष्ट विचारा: कडा स्वच्छ असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत फ्लॅप थांबवाल का? एकदा कातडी सरकवली की उरलेला आजार नेमका कुठल्या कडेला, हे शोधणं महाकठीण. जखम काही दिवस ड्रेसिंगखाली ठेवता येते. आणि बायोप्सीत प्रकार कुठला लिहिलाय?

सिन्नरची_लेक:
नोड्युलर (गाठीसारखा), पिगमेंटेड (काळसर).

लॅबवाल्या_काकू:
बरं झालं. इन्फिल्ट्रेटिव्ह (आत शिरत जाणारा) असता तर कडा अंधुक असतात, जास्त जपावं लागतं.

पुणेकर_अभय:
आईंना सांगा, नाक राहील. लहान जखमेला शेजारची कातडी पुरते. मोठी झाली तर कपाळाची कातडी देठासकट खाली आणतात आणि साधारण ३ आठवड्यांनी देठ कापतात. पुण्यात कावसजी नावाच्या, इंग्रजांच्या सैन्यातल्या गाडीवानाचं कापलेलं नाक असंच कपाळाच्या कातडीने बनवलं होतं. ती हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली.

लॅबवाल्या_काकू:
आईंना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सर्जनना आधीच सांगा. आपल्या मनाने बंद करू नका.