विजयदुर्गाचे ओटे आणि युरोपचं ऋण

वाघोटनकाठ
परवा इथेच, या मंचावर, एक लेख आला. लेखक चिपळूणचे, पंधरा दिवस युरोप फिरून आलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: छापखाना, आगगाडी, वीज, लस, लोकशाही हे सगळं एकाच खंडाने जगाला दिलं, बाकीच्या जगाने फक्त हात पुढे केला. शेवटचं वाक्य तर काळजात रुतलं: 'साहेब आला नसता तर कोकणात आपण अजून चिमणीच्या उजेडात बसलो असतो.' खाली वाहवाच वाहवा.

युरोपने जग बदललं, हे कोण नाकारतंय? पण 'दिलं' हा शब्द मला मान्य नाही. १४९८ साली वास्को द गामा आफ्रिकेला वळसा घालून मालिंदीपर्यंत आला आणि तिथून कालिकतला पोचला तो मोसमी वारा ओळखणारा वाटाड्या बरोबर घेऊन. ते वारे आपल्या आणि अरबांच्या खलाशांना शेकडो वर्षं पाठ होते. गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं, त्यातली किती माहिती इथल्या वैद्यांना विचारून घेतलेली! पुढे डचांनी मलबारच्या झाडापाल्यावर बारा खंड काढले. ज्ञान इट्टी अच्युतन वैद्याचं, छपाई ॲमस्टरडॅमची.

आणि जहाजं? मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ साली पाण्यात उतरलेली 'ट्रिंकोमाली' अजून इंग्लंडात तरंगते आहे. म्हणजे हात आपले होते. त्याआधी १७५६ साली आमच्या विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचं आख्खं आरमार जळालं, ते कोणी जाळलं? त्याच किल्ल्यावरून १८६८ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने सूर्यग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. दुर्बिणींसाठी बांधलेले साहेबाचे ओटे अजून आहेत. आभाळ आमचं, किल्ला आमचा, नाव त्यांचं. याला देणं म्हणतात का?

लाल माती, दापोली
वाघोटनकाठ, तुमचा राग कळतो, पण तुम्ही लस सोयीस्करपणे गाळलीत. माझ्या पणजीचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. तिची दोन भावंडं एका आठवड्यात गेली. ती आम्हाला लहानपणी मांडीवर घ्यायची तेव्हा मी त्या खळग्यांवरून बोट फिरवायचो आणि ती काही बोलायची नाही. माझ्या आईच्या दंडावर मात्र नुसता लसीचा गोल डाग आहे. पणजीचा चेहरा आणि आईचा दंड, यात जो फरक आहे तो युरोपने केला. इंग्लंडच्या डॉक्टर जेनरने १७९६ साली प्रयोग केला, १७९८ साली छापला आणि १८०२ च्या जूनमध्ये मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला लस टोचून झालीसुद्धा. प्लेगची लस हाफकिनने मुंबईत बनवली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. हे देणं नाही तर काय?

चौलचा चाफा
दादा, पणजीबद्दल वाचून गलबलून आलं. पण गोष्ट जेनरपासून सुरू होत नाही. देवीची खपली घेऊन निरोग्याला टोचणारे टिकेदार बंगालात गावोगाव फिरत होते, एका इंग्रजानेच १७६७ साली ते सविस्तर लिहून ठेवलंय. तुर्कस्तानात बायका हेच करायच्या. तिथे राहिलेल्या, इंग्रज वकिलाच्या बायकोने, लेडी माँटेग्यूने ते पाहिलं आणि १७२१ साली लंडनात स्वतःच्या मुलीला टोचून घेतलं. ती वाट रुळली नसती तर जेनर कुठून आला असता? आणि १८०२ ची ती लस मुंबईपर्यंत आली कशी? बगदाद, बसरा करत, एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात. त्या मुलांची नावं कोणाला माहीत आहेत?

छापखान्याचंही तेच. १५५६ साली गोव्यात छापखाना आला म्हणून आपण टाळ्या वाजवतो. त्याच पोर्तुगीज राज्याने १६८४ साली कोकणी बोलण्यावर बंदीचा हुकूम काढला. आमच्या समोर कोर्लईला आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलणारी घरं आहेत, माझ्या शेजारणीचं माहेर तिथलं. त्यांची बोली टिकली याचा मला आनंद आहे. पण कोकणीचं काय झालं असतं, हे विचारायला नको?

लाल माती, दापोली
टिकेदार होते, मान्य. पण टिकेदाराच्या टोचण्याने खरी देवी यायची, काही माणसं मरायचीसुद्धा, आणि टोचलेल्या माणसाकडून साथ पसरायची. गायीच्या देवीने खरी देवी टळते हे तपासून, लिहून, छापून जगापुढे ठेवलं हा फरक आहे. आपल्याकडचं ज्ञान घराण्यात अडकलं. माझ्या आजोबांकडे काविळीचं औषध होतं, मरेपर्यंत कोणाला सांगितलं नाही, 'सांगितलं की गुण जातो' म्हणाले. गेलं त्यांच्याबरोबर. युरोपने छापलं म्हणून टिकलं. आणि ताई, तो छापखाना नसता तर तुमच्या आमच्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्र्यांनी १८३२ ला 'दर्पण' कशावर काढलं असतं?

नभांगण
मी वादात पडणार नव्हतो, पण वाघोटनकाठ यांनी हेलियमचं जे लिहिलंय ते चूक आहे आणि दरवर्षी १८ ऑगस्टला ही चूक पुन्हा फिरते, म्हणून लिहितो. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकियर भारतात नव्हताच. त्या दिवशी फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, धाकटा हर्शल जमखंडीला होता. जान्सेनने सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या चमकत्या रेषा पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या दिसतात हे ताडून पाहिलं. लॉकियरने तीच करामत २० ऑक्टोबरला इंग्लंडात बसून केली आणि त्यांतल्या एका पिवळ्या रेषेला नव्या मूलद्रव्याचं नाव दिलं. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ साली, रॅमसेला, एका खनिजातून.

लॉकियर विजयदुर्गाला आला हे खरं, पण १८९८ च्या जानेवारीत, २२ तारखेच्या ग्रहणासाठी. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरच्या खलाशांना दुर्बिणींवर कामं वाटून देऊन त्याने ते ग्रहण टिपलं. ओटे त्या मोहिमेचे आहेत. तोवर हेलियम शोधून तीस वर्षं होत आली होती.

वाघोटनकाठ
नभांगण, मी किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात वाढलो. चौथीत असताना गुरुजी आम्हाला रांगेने वर घेऊन गेले होते. उन्हात तापलेल्या त्या ओट्यावर मला उभं केलं आणि म्हणाले, 'बाळांनो, इथे हेलियम सापडला.' पाय भाजत होते तरी मी खाली उतरलो नाही. मुंबईला कॉलेजात पोरं गाव विचारायची तेव्हा मी हेच सांगायचो. आणि तुम्ही चार ओळींत सांगता की ते खोटं?

गिर्येकर
अगदी बरोबर! आमच्या बाजूला आहे काय? रेल्वे लांब, दवाखाना लांब, महामार्गाची कामं २०११ पासून चालूच. एक हेलियमची गोष्ट आहे, त्यावर चार पर्यटक येतात, चार घरांत जेवणाच्या ऑर्डरी मिळतात. ती पण काढून घ्या. शहरात बसून खरं-खोटं करणं सोपं असतं.

नभांगण
मी शहरात बसलेलो नाही, राजापुरात राहतो, दुर्बीण खांद्यावर टाकून शाळाशाळांत जातो. गिर्येकर, पर्यटकाला खरी गोष्ट सांगितली तर तो परत जाईल का? १८९८ ची मोहीम काय लहान होती? दोनेक मिनिटांच्या खग्रासासाठी समुद्रापलीकडून माणसं आली. आणि याच ग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले कावसजी नायगमवाला स्वतःची उपकरणं घेऊन उभे होते. आपला माणूस, आपल्या वेधशाळेचा. त्याच्या नावाचा एक तरी फलक कुठे पाहिलात? लॉकियरच्या खोट्या गोष्टीवर आपण जीव टाकतो आणि नायगमवालांचं नाव शाळेत निघत नाही, याचं मला जास्त दुःख आहे.

खलाशी
मी देवगडचो. तुमचो हेलियम खंयचो ता माका कळाक नाय. शास्त्र कोणाचा पण असांदे, आज दर्यात काय चाललाहा ता बघा. २०१७ साली सरकारान एलईडी लायटीन मासे मारूक बंदी घातली. तरी रातचो बंदरार उभो रवलंय तर दर्यात गाव वसलोसो उजेड दिसता. बापूस रापण ओढी, मी होडी घेतलंय, झील मुंबैक वॉचमन. चिमणीच्या उजेडात बसलेलो तेव्हा जाळ्यात बांगडो तरी गावायचो.

लाल माती, दापोली
खलाशीभाऊ, तुमचं दुखणं खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला लिहीन. पण इथे विषय युरोपचा आहे.

चौलचा चाफा
विषयाबाहेरचं नाही ते. समुद्रातून जेवढं निघेल तेवढं आजच काढायचं, ही सवय जगाला कोणी लावली? आमच्या कोळीवाड्यात नारळीपौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत.

लाल माती, दापोली
आणि ते एलईडीवाले कोण आहेत, युरोपातून आलेत? आपल्याच बंदरांतले आहेत. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या दारात टाकू नका.

वाघोटनकाठ
काल रात्रभर नभांगण यांच्याशी फोनवर भांडलो आणि घरातलं जुनं काय काय काढून वाचलं. तारखा त्यांच्याच बरोबर आहेत. गुरुजी आता नाहीत, त्यांनी जे ऐकलं ते आम्हाला सांगितलं, त्यांना मी खोटं म्हणणार नाही. पण हेलियमचं वाक्य मागे घेतो.

आणखी एक मागे घेतो, हे लिहिताना हात जड होतोय. १७५६ ला 'आरमार कोणी जाळलं' असं मी मोठ्या तोऱ्यात विचारलं. इंग्रजांना तुळाजी आंग्र्यांवर चालून यायला बरोबर कोण होतं, तर पेशवा. आपल्यातल्या भांडणात आपणच इंग्रजांचा हात धरला. इंग्रजांची तोफ होती, पण दार आतून उघडलं.

मूळ मुद्दा मात्र सोडत नाही. ज्यांनी वारे सांगितले, पाला ओळखून दिला, लस दंडात घेऊन वाळवंट ओलांडलं, त्यांची नावं हिशेबात घेतल्याशिवाय युरोपची थोरवी मला कोणी सांगू नये.

चिपळूणचा लेखक
माझ्याच लेखावर एवढं रामायण झालेलं आज पाहिलं. 'चिमणीच्या उजेडात' हे वाक्य लिहायला नको होतं, आईने फोन करून झापलं. तिच्या लहानपणी चिमणीच्या उजेडात शिकूनच तिचे भाऊ शिक्षक झाले. 'दिलं' ऐवजी 'उभं केलं' म्हणतो, याहून मागे सरणार नाही. व्हिएन्नात एका संग्रहालयात जुन्या दुर्बिणी पाहताना मला जे वाटलं ते खोटं नव्हतं.

गिर्येकर
मग पाटीचं काय करायचं? माझ्या भावाच्या खानावळीबाहेर हेलियमचाच बोर्ड आहे.

नभांगण
रंग मी आणतो. '१८९८, खग्रास सूर्यग्रहण' लिहू, खाली नायगमवालांचं नाव आणि जेऊर.

वाघोटनकाठ
मे महिन्यात गावी येतोय. शिडी माझ्या घरी आहे.