मदत हवी आहे: वेल्डिंग मशीनवर मराठीत धोक्याची लेबलं लावायचीत

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. मशीनवरचे शॉकच्या इशाऱ्याचे स्टिकर ठिणग्यांनी जळून पार गेलेत. उरलेत ते इंग्रजीत, आणि निम्मी पोरं मराठी-हिंदीच वाचतात.

वेल्डिंग चालू असताना व्होल्टेज वीस-तीसच असतं, पण रॉड नुसता होल्डरला लावून ठेवला की साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनला ते ८० पर्यंत जाऊ शकतं. पावसाळ्यात घामेजलेला हात, ओले हातमोजे, खाली लोखंडी पत्रा... आणि पोरं म्हणतात, "दोनशे तीस थोडंच आहे, भाऊ!" म्हणून लेबलवर ठळक हवं: रॉड बदलताना कोरडे हातमोजे, झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद. इन्व्हर्टर मशीनला बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हेही.

सातपूर-अंबडात कुणी स्क्रीन प्रिंटची अॅल्युमिनियम प्लेट करून देतं का? साधं विनाइल टिकत नाही. प्लेट बसवायची कशी? बॉडीला भोक पाडून रिव्हेट मारायला मन धजत नाही, बुरा आत गेला तर वाइंडिंगची वाट लागायची. उष्णता सोसणारा गोंद कुणी वापरलाय का? पिवळा त्रिकोण आणि विजेचं चिन्ह मात्र हवंच, मजकूर कितीही छोटा झाला तरी चालेल.