मदत हवी आहे: स्ट्रोकनंतर बाबांना डावीकडचं दिसत नाही, 'मेंदूला करंट' देऊन चालणं सुधारतं का?

कृष्णाकाठची

मंडळी, एरवी मी इथे लोणच्या-मसाल्यांच्या धाग्यांवरच सापडते, पण आज काम वेगळं आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा ६८ वर्षांचे. एसटीत ३१ वर्षं कंडक्टर. आंबा घाटातल्या वळणांवर दांडीला न धरता उभं राहून तिकिटं देणारा माणूस. सात महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला. हात-पाय वाचले, बोलणं वाचलं, म्हणून आम्ही थोडक्यात सुटलो असंच समजत होतो. दवाखान्यातून घरी आलो त्या दिवशी फाटकातून आत येताना बाबा डाव्या खांबावर असे आदळले की चष्म्याची काडी तुटली. म्हणाले, "हा खांब कुणी आणून ठेवला इथं?" खांब माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे.

एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूचा अगदी मागचा भाग गेलाय. डोळे ठणठणीत, मोतीबिंदूचं ऑपरेशनही तीन वर्षांपूर्वी झालेलं. पण पेरिमेट्रीच्या (कुठवर दिसतं ते मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावर दोन्ही डोळ्यांचा डावा अर्धा भाग काळाकुट्ट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला हेमिॲनोपिया म्हणतात, चष्म्याचा नंबर बदलून काही होणार नाही.

डाव्या खांद्यावर एक निळा डाग कायम असतो. जुना पिवळा पडेपर्यंत नवा तयार. गल्लीत डावीकडून येणारी मोटरसायकल अंगावर येईपर्यंत कळत नाही. आता ते बाहेर पडायचंच टाळतात. मला सगळ्यात जास्त हे खुपतं, कारण हा माणूस घरात बसणारा नव्हेच.

धाकट्या भावाला एका क्लिनिकची माहिती मिळाली. टीडीसीएस म्हणतात, डोक्याला पट्टा लावून सौम्य करंट देतात. २० सेशन, ३२,००० रुपये. "बंद पडलेला भाग पुन्हा चालू होतो, चालण्यातला आत्मविश्वास येतो" असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पट्टा कपाळावर लावतात, फोटो दाखवला. भाऊ म्हणतो करूया. माझं मन मानत नाही, पण नको म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. कुणी केलंय का? याने चालणं खरंच सुधारतं का? धोका काय?

लिंबूटिंबू

करंटबिरंटचं कळत नाही, पण एक विचारतो. काका गाडी चालवत नाहीत ना?

कृष्णाकाठची

स्कूटीची किल्ली आईने पहिल्याच आठवड्यात गव्हाच्या डब्यात लपवली. बाबांना माहीत आहे कुठे आहे ते. विचारत नाहीत.

जुना_फिजिओ

ताई, मी २६ वर्षं फिजिओथेरपी केली, त्यातली शेवटची बरीचशी स्ट्रोकच्या पेशंटबरोबर. मी डॉक्टर नाही, पण हे यंत्र हाताळलेलं आहे.

टीडीसीएस म्हणजे मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर ठेवून १ ते २ मिलिअँपिअरचा करंट साधारण २० मिनिटं सोडायचा. मोबाइलच्या चार्जरमधून जेवढा जातो त्याच्या हजाराव्या भागाइतका. चुणचुण होते, कातडी थोडी लाल होते, बस. एवढासा करंट मेंदूतल्या पेशीला स्वतःहून कामाला लावू शकत नाही. फक्त तिला कामाला लागणं थोडं सोपं करतो. ओल्या सरपणाला ऊन दाखवल्यासारखं. ऊन दाखवून चूल पेटत नाही, काडी वेगळी ओढावी लागते. ती काडी म्हणजे सराव. म्हणून नुसता पट्टा बांधून खुर्चीत बसवणाऱ्या क्लिनिकवर माझा विश्वास नाही. आणि जो भाग स्ट्रोकमध्ये मेला, तो कुठलाही करंट पुन्हा चालू करत नाही. फार तर कडेच्या अर्धवट तगलेल्या पेशींना हात देता येतो.

आता खटकलेली गोष्ट. पट्टा कपाळावर? बघण्याचं काम करणारा भाग डोक्याच्या मागे आहे, टोपीचं इलास्टिक जिथे बसतं तिथे. हेमिॲनोपियाचे जे थोडे प्रयोग झाले, त्यात मुख्य इलेक्ट्रोड मागे ठेवतात. कपाळाच्या डाव्या बाजूची जागा नैराश्यासाठी वापरतात. यांच्याकडे एकच पद्धत असावी आणि येईल त्याला तीच लावत असावेत, असा मला वास येतोय.

दोन प्रश्न. एक, काका ताटातली डावीकडची भाजी तशीच ठेवतात का, आणि सांगितलं की लगेच मान वळवून बघतात, की डावी बाजू आहे हेच मुळात विसरतात? दोन, स्ट्रोकच्या वेळी किंवा नंतर फिट आली होती का?

कृष्णाकाठची

फिट आली होती. तिसऱ्या दिवशी, आयसीयूत. अजून त्याची गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ. क्लिनिकमध्ये हे कुणीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, आता लिहिताना हात थरथरतोय.

ताटाचं: कोशिंबीर राहते खरी. पण आई "डावीकडं बघा" म्हणाली की मान वळवून खातात.

जुना_फिजिओ

हात थरथरायचं कारण नाही, अजून काही झालेलं नाही. पण फिटचा इतिहास असेल तर न्यूरॉलॉजिस्टच्या होकाराशिवाय कुठलंही यंत्र डोक्याला लावायचं नाही. टीडीसीएसने फिट येणं फार दुर्मिळ. मात्र याचा थोरला भाऊ टीएमएस, ज्यात चुंबकाची कॉइल डोक्यावर धरून टकटक झटके देतात, त्यात हा धोका खरा आहे. डोक्यात धातूची क्लिप किंवा छातीत पेसमेकर असेल तरी आधी विचारायचं. ज्या ठिकाणी हे तीन प्रश्न विचारत नाहीत तिथून चप्पल घालून निघायचं.

आता एक घरगुती चाचणी. आडव्या कागदावर वीस-पंचवीस छोट्या रेघा विस्कटून काढा आणि प्रत्येकीवर काट मारायला सांगा. मग घड्याळाची तबकडी काढायला लावा. पहिला प्रश्न मी का विचारला ते निकाल आल्यावर सांगतो.

कृष्णाकाठची

केलं. भाचीच्या चित्रकलेच्या वहीत २४ रेघा काढल्या. बाबांनी उजवीकडून सुरुवात केली, मध्यावर थांबले, मग वही डोळ्यांसमोर उजवीकडे सरकवली आणि उरलेल्याही मारल्या. एकही सुटली नाही. घड्याळात बाराही आकडे जागच्या जागी. वर म्हणाले, "परीक्षा झाली असेल तर चहा टाक."

जुना_फिजिओ

छान बातमी. उजव्या बाजूच्या स्ट्रोकनंतर काहींना डावीकडचं दिसत नाही, तर काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. दुसऱ्याला निग्लेक्ट म्हणतात. तो माणूस अर्धीच दाढी करतो आणि पूर्ण झाली म्हणून वाद घालतो. घड्याळाचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतो. दोन्हींत माणूस खांबावर आदळतो, पण वाट वेगळी. निग्लेक्टमध्ये मेंदूच्या दोन बाजूंचा तोल गेलेला असतो, म्हणून चांगली बाजू चुंबकाने थोडी दाबायची, असे प्रयोग झालेत. तुमच्या बाबांना आपल्याला काय दिसत नाही हे कळतं आणि ते वही सरकवतात. पक्कं निदान डॉक्टरच करतील, पण लक्षण चांगलं आहे. अशा माणसाला शिकवता येतं.

अंधार_पडायच्या_आत

मी डोंबिवलीचा, रेटिनायटिस पिगमेंटोसा. मला नळीतून बघितल्यासारखं मधलंच दिसतं, संध्याकाळनंतर तेही नाही. ताई, तुमच्या भावाच्या जागी मी स्वतः होतो. चार वर्षांपूर्वी परदेशातून हेडसेट मागवला होता, घरच्या घरी करंट द्यायचा. पट्टा लावला की डोळ्यांपुढे लखलख व्हायची. मी बायकोला ओरडून सांगितलं, दिसायला लागलं! नंतर कळलं, पुढच्या इलेक्ट्रोडचा करंट डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचला की अशी लखलख कुणालाही होते. तुम्हालाही होईल. त्याचा बरं होण्याशी संबंध नाही.

माझा रोग पडद्याचा, मेंदूचा नाही, तेव्हा मी मुळात चुकीच्या दाराशी उभा होतो. मला प्लॅटफॉर्मवर परत कुणी आणलं असेल तर पांढऱ्या काठीने. लाज वाटायची म्हणून तीन वर्षं घेतली नव्हती. मोबिलिटी ट्रेनिंग देणाऱ्या सरांनी पहिले चार दिवस फक्त जिना चढउतर करून घेतला. काठी जमिनीवरचं सांगते, छातीच्या उंचीवरचं सांगत नाही, म्हणून पुढे आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन घेतली. ती आडवं काही आलं की मुठीत थरथरते.

राइनकाठचा

जर्मनीतून. माझ्या सासूबाईंना ग्लॉकोमा (काचबिंदू) आहे म्हणून मी याच्यावर बरंच वाचलं होतं. इथे माग्डेबुर्गच्या विद्यापीठातल्या गटाचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. डोळ्याची नस खराब झालेले ८२ रुग्ण, १० दिवस उपचार, काहींना खरा करंट आणि काहींना नुसता लावल्याचा देखावा. खऱ्यावाल्यांचं दृष्टिक्षेत्र सरासरी २४ टक्के सुधारलं, देखाव्यावाल्यांचं २.५. आकडा ऐकून मीही उडालो होतो. पण ते २४ टक्के त्यांच्या आधीच्या उरलेल्या दृष्टीच्या तुलनेत, पूर्ण दृष्टीच्या नव्हे. शिवाय तो करंट उलटसुलट दिशेचा आणि इलेक्ट्रोड डोळ्यांजवळ, म्हणजे यांच्या क्लिनिकची ती पद्धतच नाही. आजारही वेगळा. कुणी तो अभ्यास तुमच्यासमोर नाचवला तर एवढं लक्षात ठेवा.

स्पष्टवक्ता_७

इतका काथ्याकूट! वडिलांपुढे ३२ हजार मोठे का? करून बघायचं, गुण आला तर आला. नाही तर नाही.

कृष्णाकाठची

दादा, पैसे भाऊ देतोय, रडगाणं पैशांचं नाही. बाबांना महिनाभर रोज रिक्षाने नेऊन आणायचं, "बंद भाग चालू होणार" म्हणून त्यांना आशा लावायची, आणि नाही झालं तर? परवा त्यांनी मला हळूच विचारलं, "मग एप्रिलच्या जत्रेला मी एकटा जाईन ना?" याचं उत्तर देऊन दाखवा.

जुना_फिजिओ

स्ट्रोकनंतर दिसण्यात जी आपोआप सुधारणा होते ती बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. सात महिन्यांनंतर जे मिळवायचं ते शिकून मिळवायचं.

हेमिॲनोपियात करंट आणि सराव एकत्र दिल्याचे अभ्यास आहेत, पण मूठभर रुग्णांचे. फायदा झाला तो दिसण्याची हद्द काही अंशांनी (डिग्रींनी) सरकली इतका. कागदावरचे काही अंश म्हणजे गल्लीतली मोटरसायकल चुकवणं नव्हे. अडथळ्यांच्या वाटेवर माणूस किती वेगाने चालला, किती वेळा धडकला, हे मोजणारे प्रयोग फारच थोडे. म्हणून "चालणं सुधारतं" असं छातीठोक सांगणाऱ्याला विचारा: कसं मोजता? आधी आणि नंतरची पेरिमेट्री करता का? कुणी "हे संशोधन आहे" म्हणालं तर सीटीआरआय या अशा प्रयोगांच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक मागा. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून उपचाराच्या पॅकेजचे पैसे घेत नसतात.

करायचं काय? लो व्हिजन विभाग असलेल्या डोळ्यांच्या रुग्णालयात न्या आणि पेली प्रिझमबद्दल विचारा. चष्म्याच्या काचेवर न दिसणाऱ्या बाजूला वर आणि खाली प्रिझमची पट्टी चिकटवतात, मधली काच मोकळी. डावीकडच्या वस्तूची चाहूल उजवीकडे दिसते. सवय व्हायला वेळ लागतो, काहींना अजिबात झेपत नाही. दुसरं, नजर फेकायचा सराव. डावीकडे थोडीशी नाही, पार खांद्यापर्यंत एक मोठी नजर, मग पाऊल. घरात पंधरा मिनिटं, मग अंगण, मग सकाळची मोकळी गल्ली. बरोबर चालणाऱ्याने त्यांच्या डाव्या हाताला राहायचं. पेपर वाचताना ओळीची सुरुवात सापडत नसेल, तर डाव्या कडेला लाल पट्टी ठेवा. लाल दिसेपर्यंत मागे यायचं, मग वाचायचं.

कृष्णाकाठची

लाल पट्टी आजच चिकटवते. ओळ सापडत नाही म्हणूनच पेपर बंद केलाय हे मला आत्ता कळलं. आम्ही समजत होतो, मूड नाही.

कृष्णाकाठची (पाच आठवड्यांनी)

मंडळी, खबर द्यायची राहिली होती. न्यूरॉलॉजिस्टना भेटलो. करंटला त्यांनी सध्या नाही सांगितलं. फिटची गोळी बंद झाली आणि कुठे नीट नोंदणी असलेला प्रयोग चालू असला तर तेव्हा बघू, म्हणाले. भाऊ दोन दिवस फुगला होता. आता तोच रोज पहाटे बाबांच्या डाव्या हाताला चालतो.

प्रिझम महिनाभरासाठी लावून दिलाय. पहिल्या दिवशी बाबांना आई हवेत तरंगताना दिसली आणि ते इतके हसले की आई चिडली. अजून घरातच वापरतात.

सरावाची मात्र गंमत झाली. "डावीकडं बघा, डावीकडं बघा" ऐकून बाबा वैतागायचे. मग एके दिवशी दाराशी थांबून त्यांनी स्वतःच तोंडाने आवाज काढला, टिंग. एक घंटी म्हणजे गाडी थांबली. मान पार डावीकडे खांद्यापर्यंत, मग उजवीकडे, मग टिंग टिंग. डबल बेल, चला. आता प्रत्येक दारात, प्रत्येक वळणावर हेच चालतं. गल्लीतली पोरंही त्यांना बघून टिंग टिंग करतात.

खांद्यावरचा डाग पिवळा पडलाय. नवा एक कोपरावर आहे, तो आमच्याच फ्रीजच्या दाराचा, उघडं मी ठेवलं होतं. जत्रेला एकटं सोडणार नाही, ते त्यांनाही सांगून झालंय. काल कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत मात्र एकटे गेले, मी फाटकाशी उभी राहून बघत होते. दुकानदाराने पुडी दिली ती डावीकडून, ती काही दिसली नाही. बाबांनी टिंग केलं.