एबनेझर म्हणजे कोण? गाण्याआधी शब्दाचा अर्थ सांगावा का?

पेटीवाला_सोलापूर:
परवा चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायकवृंदाच्या, सरावात 'एबनेझर'वालं गाणं घेतलं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काका, हे आपल्या गल्लीतल्या एबनेझर अंकलचं गाणं आहे का?" सगळे हसले. म्हटलं, बरं, मग तुम्ही सांगा. पंधरा जणांत एकालाही सांगता येईना. टेनरमधले (वरच्या पट्टीत गाणारे पुरुष) दोघं तर पंख्याकडं बघायला लागले.

हिब्रूत एबेन म्हणजे दगड, एझेर म्हणजे साहाय्य. बायबलात १ शमुवेल ७:१२ बघा. इस्राएलाच्या शत्रूंना, पलिष्ट्यांना, हरवल्यावर शमुवेल संदेष्ट्यानं मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला, परमेश्वरानं इथवर साहाय्य केलं म्हणून. पण तीन अध्याय मागं जा. तिथं एबनेझर नावाच्या ठिकाणीच इस्राएलाचा तळ होता आणि तेव्हा त्यांनी सपाटून मार खाल्ला. दुसऱ्या लढाईत ३०,००० पडले, कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेला पवित्र संदूक, तोसुद्धा शत्रूनं नेला. ज्या नावाशी एवढी नामुष्की चिकटलेली, तेच नाव शमुवेलानं त्या धोंड्याला दिलं! हे कळल्यावर मुलांनी ती ओळ परत म्हटली, तेव्हा आवाज आपोआप खाली आला.

गाण्याआधी एका शब्दाला दोन मिनिटं द्या, एवढंच म्हणणं आहे.

सातरस्ता:
साफ विरोध. उपासना आहे का शिकवणी? माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण पदं सगळी तोंडपाठ. शेवटच्या रात्री 'हालेलुया' पुटपुटत होती, तेव्हा तिला कुणी हिब्रूचा पेपर दिला नाही. आणि दोन मिनिटं कसली? आपल्याकडं माइक हातात आला की वीस होतात. घरी रविवारचं मटण करपतं.

पेटीवाला_सोलापूर:
मटणाचं मान्य. पण त्या पिढीच्या दारी बायबलबाई यायच्या, जात्यापाशी बसून गोष्टी सांगायच्या. 'हालेलुया' म्हणजे 'याहची (परमेश्वराची) स्तुती करा', हे आजींच्या कानावर कुणीतरी घातलं असणारच. आपल्या पोरांच्या कानावर कोण घालतंय?

ओवीप्रेमी:
मुळात हे परके शब्द हवेत कशाला? कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. 'तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडं आलो' म्हणणारा माणूस! त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या. पंढरपूरच्या शेजारचे आपण, अभंग रक्तातच आहे. सरळ 'साहाय्याचा धोंडा' म्हणा की.

सातरस्ता:
म्हणा! पोरं विचारतील, अधिक महिना आला का, जावई कधी येणार?

ओवीप्रेमी:
😄 हरलो. 'पाषाण' करा.

पेटीवाला_सोलापूर:
पाषाण केलात की शमुवेल गेला. एबनेझर हा पत्ता आहे हो. बायबलात नेमकं कुठं जायचं ते त्या शब्दानं कळतं. टिळकांची पदं मी रोज वाजवतो, पण म्हणून पत्ता कशाला खोडायचा?

झावळीवाली:
मला अर्थ कळल्यानं उलट पंचाईत झाली. झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या सणाला, आपण 'होसान्ना' जयजयकारासारखं ओरडतो. मूळ शब्द स्तोत्र ११८:२५ मधला, 'आता तार' अशी विनवणी. म्हणजे खरं तर धावा. यंदा झावळी हातात होती पण ओरडवेना. मग मत्तय २१ काढून बघितलं, तर तिथली पोरंही मंदिरात जयघोषच करत होती! तेव्हाच अर्थ सरकला होता. मग काका, तुम्ही कुठला शिकवणार, मूळचा का नंतरचा?

पेटीवाला_सोलापूर:
दोन्ही. तारणारा समोर आलेला दिसला की धाव्याचा जयघोष होतोच.

सातरस्ता:
हे वाक्य बरं होतं, मानलं. पण दोन मिनिटं संपली. आता स्तोत्रांत मधेमधे येणारा 'सेला' हा शब्द सांगा. स्तोत्रांत ७१ वेळा, हबक्कूकात ३ वेळा येतो आणि पंडितांचं अजून एकमत नाही. वाद्यांसाठीची खूण असेल म्हणतात. याचा काय अर्थ सांगणार मुलांना?

पेटीवाला_सोलापूर:
तिथं मी पेटी वाजवणार. तुम्ही गप्प बसायचं. शनिवारी सहाला सराव आहे, या.