मदत हवी आहे: बाबांना नवीन शुगर निघाली, मशीनचे आकडे जुळत नाहीत

डोंबिवली_फास्ट: बाबांचं (वय 54) एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) 8.1 आलंय, उपाशीपोटी 168. ग्लिमेपिराइड 1 आणि मेटफॉर्मिन 500 एसआर (हळूहळू औषध सोडणारी) अशी एकत्र गोळी सकाळी नाश्त्याबरोबर घ्यायला सांगितली आहे. ते सातला चहा-बिस्किट खाऊन सीएसएमटीची गाडी धरतात, डबा दीड-दोनला. घरच्या मशीनवर लागोपाठ 142 आणि 171 आलं. मशीन बिघडलंय का? आणि गाडीत शुगर उतरली तर काय करायचं?

स्लाइडवाला: मशीन बिघडलेलं वाटत नाही. शंभराच्या वर 15 टक्के इकडेतिकडे चालतं. खरी शुगर 156 असेल तर 133 ते 179 मधलं काहीही दिसू शकतं, तुमचे दोन्ही आकडे त्यात बसतात.

चुका बहुतेक हातात असतात. आंबा चिरून तसंच बोट टोचलं तर आकडा उगाच चढतो. साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडं करा, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होऊन आकडा पडतो. बोटाच्या टोकाला नाही, कडेला टोचा, दुखतंही कमी. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. थेंब येत नाही म्हणून बोट पिळत बसू नका, हात खाली सोडून हलवा.

स्ट्रिप काढली की डबीचं झाकण लगेच बंद. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा स्ट्रिप खराब करते. मोकळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तर मुळीच ठेवू नका. लॅबशी ताडून पाहायचं तर उपाशीपोटी, रक्त काढतात त्याच वेळी बोट टोचा. जेवणानंतर बोटातली शुगर शिरेतल्यापेक्षा जास्त असते, मग उगाच वाद होतात.

शीव_स्लो: मला मशीनपेक्षा सात ते दोनची काळजी वाटते. मेटफॉर्मिन एकटी सहसा शुगर फार उतरवत नाही. ग्लिमेपिराइड उतरवते, कारण पोटात अन्न असो-नसो, ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. चहा-बिस्किट म्हणजे नाश्ता नव्हे. मूग घावन, अंडं-पोळी, उसळ, असं काहीतरी खाऊनच निघू दे, आणि अकराला मूठभर चणे-फुटाणे. डबा नेहमी दोनलाच असेल तर डॉक्टरांना फोन करून हे सांगा, महिनाभर थांबू नका. गोळी स्वतःहून बंद करू नका. एसआर गोळी तोडायची-चावायची नाही.

70 च्या खाली गेली तर: 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. पुड्या बांधून शर्टाच्या खिशात ठेवा. बॅगेत नको, गर्दीत बॅग रॅकवर जाते आणि हात पोचत नाही. चॉकलेटही नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा एक पुडी. बरं वाटलं तरी काहीतरी खायलाच हवं. या गोळीचा असर दिवसभर राहतो, ठाण्याला सावरलेली शुगर दादरला पुन्हा उतरू शकते. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. गाडीत असाल तर रेल्वे हेल्पलाइन 139 ला फोन, बाहेर असाल तर रुग्णवाहिकेसाठी 108 ला.

डोंबिवली_फास्ट: आभार. बाबांनी पोळी सोडून भाकरी धरलीय, चहात गूळ. आणि रोज किती वेळा टोचायचं?

स्लाइडवाला: गूळ म्हणजे साखरच. भाकरी चांगली, पण मोजून: तीन भाकऱ्या खाल्ल्या तर पोळी सोडून काय मिळवलं? उसळ-भाजी आधी, भाकरी नंतर.

स्ट्रिपा महाग आहेत, जोडीने वापरा: जेवणाआधी एक, पहिल्या घासापासून दोन तासांनी दुसरी. आज नाश्ता, परवा रात्रीचं जेवण. कुठलं ताट चढवतं ते लगेच कळतं. नुसती उपाशीपोटीची यादी नेली तर डॉक्टरांना अर्धंच चित्र दिसतं. एचबीएवनसी तीन महिन्यांनी. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन आणि पायांची तपासणी मात्र आत्ताच, टाइप 2 मधुमेह बहुतेकदा कळायच्या आधी काही वर्षं अंगात असतो.

शीव_स्लो: बीपीची गोळी चालू आहे का? नावाच्या शेवटी ‘लोल’ आहे का बघा.

डोंबिवली_फास्ट: हो, मेटोप्रोलोल.

शीव_स्लो: मग शुगर उतरताना छातीत धडधड, हात थरथरणं कदाचित जाणवणार नाही. घाम येतो, पण मे महिन्यात लोकलमध्ये घामावरून काय ओळखणार? शंका आली की टोचा. मशीन जवळ नसेल तर थेट पुडी तोंडात.