माळ्यावर सापडलेला समुद्राचा नकाशा: हे आकडे कसले?

लाल_चिरा (देवगड)

गणपतीची साफसफाई करताना माळ्यावर पत्र्याची नळी सापडली. आत मागून कापड लावलेला समुद्राचा नकाशा. एक कोपरा वाळवीने खाल्लाय, त्यातच शीर्षक आणि साल गेलं. विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण ही नावं इंग्रजीत नीट वाचता येतात. गंमत म्हणजे जमीन जवळजवळ कोरी आहे. एखादी टेकडी, एखादं देऊळ, एका ठिकाणी तर नुसतं एक झाड. समुद्रात मात्र बारीक आकडे, मुंग्या सांडल्यासारखे. किनाऱ्यालगत ३, ५, ७ आणि बाहेर जाल तसे ३०, ४०. मधेमधे इंग्रजी अक्षरं: एम, एस, एस-एच. दोन-तीन आकड्यांच्या डोक्यावर आडवी रेघ आणि वर टिंब. अगदी डाव्या कडेला ४५-५० च्या गर्दीत अचानक १३, १२, १४ असा घोळका.

आजोबा शिबाडावर, म्हणजे मालाच्या शिडाच्या जहाजावर होते, मंगलोरी कौलं आणायचे, एवढंच आम्हाला माहीत. हे आकडे कसले आणि त्या काळात कोणी, कसे मोजले असतील? बाबा म्हणतात रद्दीत टाक, आई म्हणते फ्रेम कर.

कुर्ल्यांचा_रस्सा

आईचं ऐक. आधी ऊन दाखव, नाहीतर फ्रेममध्ये वाळवी पण येईल. खजिना निघाला तर अर्धा माझा.

दोन_वाव (मालवण)

रद्दीत टाकू नकोस रे बाबा. मी समुद्र संशोधनाच्या जहाजांवर तंत्रसाहाय्यक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त. माझ्या स्वतःच्या हस्ताक्षरातल्या नोंदवह्या एका कार्यालयाने जागा नाही म्हणून किलोवर विकल्या. तेव्हा रद्दी हा शब्द माझ्यासमोर नको.

आकडे वावांत आहेत. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत, सहा फूट. इंग्रजांचं फॅदम तेच. दोघांनीही माणसाच्या अंगावरूनच माप घेतलं, कोणी कोणाकडून उसनं आणलेलं नाही. अक्षरं तळाची आहेत: एम म्हणजे चिखल, एस म्हणजे वाळू, एस-एच म्हणजे शिंपले. रेघ आणि टिंब असेल तिथे दोरी तेवढी सोडली, पण तळ लागला नाही. ही खूण मला फार आवडते. आम्ही नोकरीत असं काही लिहिलं असतं तर साहेबांनी कारणे दाखवा नोटीस काढली असती.

आता मोजलं कसं. जहाजाच्या कडेला फळीवर एक माणूस उभा, कमरेला पट्टा. हातात शिशाचं लांबट वजन, त्याला दोरी. दोरीवर ठरावीक वावांना खुणा: दोनला चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनला तीन, पाचला पांढरं सुती कापड, सातला लाल बंटिंग, म्हणजे निशाणाचं कापड, दहाला भोक पाडलेलं चामडं. रात्री रंग दिसत नाहीत, म्हणून कापडं वेगवेगळ्या पोताची. बोटांना कळलं नाही तर ओठाला लावून ओळखायचे. वजन पुढच्या बाजूला भिरकवायचं, म्हणजे जहाज त्याच्यावर येईपर्यंत ते तळाला टेकतं आणि दोरी उभी राहते. वजनाच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरायची. तिला चिकटून येईल तो तळ. तुझ्या नकाशावरचं प्रत्येक एम म्हणजे कुणीतरी ती चरबी उजेडात धरून बोटाने चाचपलेली आहे.

जमीन कोरी का, तेही त्यातच आलं. बोट कुठे आहे हे ठरवायला किनाऱ्यावरच्या तीन ठळक गोष्टी पुरतात. सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या हातातल्या यंत्राने, त्यांच्यातले दोन कोन घ्यायचे की कागदावर जागा पक्की. देऊळ, टेकडी आणि ते झाड एवढ्याचसाठी. बाकी गाव असो नसो, सर्वेवाल्याला काय त्याचं!

डावीकडचा घोळका बहुतेक आंग्रिया बँक. विजयदुर्गापासून साधारण १०५ किलोमीटर पश्चिमेला बुडालेलं पठार आहे, माथ्यावर प्रवाळ, सगळ्यात उथळ जागी २० मीटरच्या आसपास पाणी. १२ वाव म्हणजे २२ मीटर, तेव्हा जमतंय.

गलबत

काका, माहिती छान. पण हे सगळं कान्होजी आंग्र्यांच्या तांडेलांना ठाऊक होतंच. बँकेला नाव कोणाचं आहे बघा. इंग्रजांनी आपल्याकडून घेऊन कागदावर उतरवलं एवढंच.

दोन_वाव (मालवण)

गलबत, नाव आंग्र्यांचं हे खरं, आणि तांडेलांना ठाऊक होतं हेही मला मान्य. माझे आजोबा तळाची माती जिभेला लावून कुठे आलो ते सांगायचे. पण ते गेले आणि ती जीभही गेली. माझ्या वडिलांना त्यातलं निम्मं येत होतं, मला शून्य. "कागदावर उतरवलं एवढंच" म्हणतोस, ते एवढंच फार मोठं आहे. तसे कागद आपणही केले असते तर आज तुझ्याशी मी अभिमानाने भांडलो असतो.

इंग्रजांची बाजू घेतोय असं समजू नकोस. त्यांना नकाशे हवे होते ते तोफा आणि माल सुरक्षित न्यायला. शास्त्र मागच्या दाराने आलं. १८७४ मध्ये कलकत्त्याला सागरी सर्वेक्षणाचं खातं निघालं. त्याचं इन्व्हेस्टिगेटर हे लाकडी, चाकांचं आगबोट-जहाज मुंबईच्याच गोदीत बांधलेलं, १८८१ चं. काम खोली मोजायचं, पण वर एक डॉक्टर ठेवलेला असे. खलाशी ठणठणीत असले की त्याने जाळं सोडून खोल पाण्यातले जीव गोळा करायचे. आल्फ्रेड अल्कॉक त्यातलाच. इतिहास म्हटलं की लोक चॅलेंजर या इंग्रजांच्या संशोधन-जहाजाचं नाव घेतात, १८७२ ते १८७६. मोठीच सफर, पण ते जहाज अरबी समुद्रात आलंच नाही. आपल्या दर्याची ओळख या डॉक्टरांनी करून दिली.

रापणकार

आमच्या बोटीवर आता फिशफाइंडर आहे. बटण दाबलं की खोली. पण एक विचारायचं होतं, इथे जाणकार आहेत म्हणून. सप्टेंबर-ऑक्टोबरात कधी कधी जाळं खोल सोडलं तर रिकामं, आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात मासा दाटलेला. खालचं पाणी थंडगार लागतं. म्हातारे म्हणतात खालचं पाणी वाईट आहे. म्हणजे काय?

दोन_वाव (मालवण)

म्हातारे बरोबर सांगतात. जरा लांबण लावतो, हे माझं रोजचं काम होतं.

सुरुवातीला आमच्याकडे नॅन्सन बाटल्या होत्या. पितळी नळ्या, दोन्ही तोंडं उघडी, तारेवर ठरावीक अंतराने अडकवून खाली सोडायच्या. मग वरून तारेवर एक पितळी वजन सोडायचं, त्याला मेसेंजर म्हणत. मिनिटाला साधारण २०० मीटर जातं. पहिल्या बाटलीवर आपटलं की ती उलटी होते, तोंडं बंद, आणि पुढचं वजन सुटून खालच्या बाटलीकडे निघतं. बाटलीला लावलेल्या थर्मामीटरमधला पारा उलटताना तुटतो, म्हणून तिथलं तापमान वर येईपर्यंत तसंच राहतं. मी तारेला तळवा लावून उभा असायचो. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्, आधीपेक्षा मऊ. शेवटचे ठोके लागतात की आपल्यालाच वाटतं, हे कळायचं नाही.

वर आलेलं पाणी आधी ऑक्सिजनसाठी. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून भरायचं, ओसंडू द्यायचं, बुडबुडा शिरता कामा नये. मग दोन रसायनं, बूच लावून हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, चहाच्या चोथ्यासारखा. माझ्या पहिल्याच फेरीत वरच्या बाटल्या छान तपकिरी झाल्या आणि ३०० मीटरची पांढरी राहिली, तांदळाच्या धुवणासारखी. मला वाटलं रसायन घालायचं विसरलो. घाबरून दुसरी बाटली केली, तीही पांढरी. साहेब हसले आणि म्हणाले, "चूक तुमची नाही, अरबी समुद्राची आहे."

साधारण १५० पासून १००० मीटरपर्यंत इथे ऑक्सिजन नावालाच. वर जीव इतके वाढतात, मरून खाली जातात आणि कुजताना ऑक्सिजन खाऊन टाकतात. त्या खोलीला ताजं पाणीही फारसं पोचत नाही. १९३३-३४ च्या जॉन मरे मोहिमेने हे नोंदवलं. जहाज इजिप्तचं, माबाहिस. प्रमुख सेमूर सेवेल, हाही आधी इन्व्हेस्टिगेटरवरचा डॉक्टर. पुढे हिंदी महासागराची आंतरराष्ट्रीय मोहीम झाली, आपलं आयएनएस किस्तना तिच्यात होतं, आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ ला गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

आता तुमचा सप्टेंबर. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर खालचं थंड, ऑक्सिजन कमी असलेलं पाणी उथळ भागावर चढून येतं. वर पावसाचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं बसतं. खालच्याला हवा मिळत नाही, उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. मासा वर किंवा कडेला पळतो. तुमचा फिशफाइंडर खोली सांगेल, हे नाही सांगणार.

रापणकार

आता समजलं. वडिलांना वाचून दाखवतो. ते म्हणणार, आम्ही काय वेगळं सांगत होतो.

लाल_चिरा (देवगड)

उशिरा लिहितोय, माफी असावी. गौरी-गणपती झाल्यावर मामेभावाच्या होडीतून नकाशा पडताळायला गेलो. नाड्याला वाव मोजून गाठी मारल्या, खाली वजनकाट्यातलं दोन किलोचं माप. चरबी नव्हती म्हणून बुडाला अंगाचा साबण थापला. नकाशावरचं ते झाड काही सापडलं नाही. देऊळ, किल्ल्याचा बुरूज आणि टेकडी धरून जिथे ५ आणि एम लिहिलंय, तिथे अंदाजे पोचलो.

साडेपाच वाव आलं! मी म्हटलं नकाशा चुकला. भाऊ म्हणाला आज तिथी काय? षष्ठी. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती, साडेदहाला सुकती. आम्ही साडेसातला होतो, अर्धं पाणी अजून उतरायचं होतं. काका, नकाशावरची खोली सुकतीची असते ना?

साबणाला काळा चिखल लागून आला. वास भयंकर होता. बाबांनी हुंगून पाहिला, काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी फ्रेमवाल्याकडे तेच गेले.

दोन_वाव (मालवण)

हो, उधाणाच्या सुकतीची. साबण फेकलास का ठेवलास?