डॉसच्या बॅकअप फ्लॉप्या कशाने उघडायच्या? आणि ३८६ साठी कोणतं बॅकअप घ्यावं?

वारणाकाठ:
नमस्कार मंडळी. वडिलांचं कर सल्लागाराचं ऑफिस होतं. माळा आवरताना डॉसच्या (विंडोजआधी पीसीवर चालणाऱ्या प्रणालीच्या) फ्लॉप्यांचे दोन डबे निघाले. एका ओळखीच्यांकडे जुनं मशीन आहे, तिथे नुसती डिर (फायलींची यादी दाखवणारी कमांड) मारून पाहिली. सव्वापाच इंची ३६० के (किलोबाइट) फ्लॉप्यांवर दोनच फायली दिसतात: पहिलीवर बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१, पुढचीवर ००२, असं चढत्या क्रमाने. साडेतीन इंचींवर सीसी५०३३१ए नावाची एकच फाईल, शेवटी ००१, ००२ वगैरे. काही सव्वापाच इंची मात्र वाचताच येत नाहीत. त्यांच्या लेबलवर वडिलांच्या अक्षरात 'फास्टबॅक' लिहिलंय.

हे कोणत्या सॉफ्टवेअरने परत मिळेल? शिवाय हौसेखातर एक ३८६ (इंटेलच्या जुन्या ३८६ प्रोसेसरचा पीसी) उभा करतोय. त्यावर फ्लॉपीवरच बॅकअप घ्यायचा आहे, तर काय टाकू?

डॉसप्रेमी:
आधी हात आवरा. सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाका; साडेतीन इंचीची खिडकी उघडी करा. (दोन्हींचा हिशेब उलटा आहे, लोक हमखास गोंधळतात.) मग प्रत्येक फ्लॉपीची इमेज (अख्ख्या फ्लॉपीची फाईलरूपी नक्कल) काढा आणि पुढचे सगळे खेळ इमेजवर करा. यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह साडेतीन इंचीला चालेल. सव्वापाच इंचीसाठी ग्रीझविझल घ्या: खुलं हार्डवेअर आहे, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला ३४ पिनांची पट्टी, आणि फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं. ड्राइव्हला १२ आणि ५ व्होल्टचा पुरवठा वेगळा द्यावा लागेल.

१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केची फ्लॉपी वाचायला हरकत नाही. ट्रॅक (फ्लॉपीवरचे वर्तुळाकार पट्टे) निम्मे असल्यामुळे दुहेरी पावलाने, म्हणजे एकाआड एक, वाचायला सांगायचं. लिहायचं मात्र नाही. त्याचं हेड अरुंद असतं, जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा शिल्लक राहतात आणि मग ती फ्लॉपी मूळच्या ३६० के ड्राइव्हवर धड वाचली जात नाही.

आता तुमच्या फायली. बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१ ही जोडी म्हणजे डॉस ३.३ किंवा त्यानंतरची बॅकअप कमांड. ३.३ आला १९८७ साली आणि त्यात दोन मोठे बदल झाले. एक, फ्लॉपी कोरी असेल तर बॅकअप चालू असतानाच फॉरमॅट करायची सोय. त्याआधी अख्खा गठ्ठा अगोदर फॉरमॅट करून ठेवावा लागे, आणि २० एमबीची डिस्क ३६० केवर घ्यायची तर साठाच्या आसपास फ्लॉप्या! दुसरं, २.० ते ३.२ पर्यंत प्रत्येक फाईल १२८ बाइटच्या शीर्षासह सुटी ठेवली जायची, ३.३ पासून सगळा मजकूर सलग एका फाईलमध्ये आणि त्याची यादी कंट्रोलमध्ये. यात कॉम्प्रेशन नाही. त्यामुळे एखादी फ्लॉपी मेली तरी बाकीच्यांतला मजकूर हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडून खरवडता येतो.

परत आणायला डॉस ६.२२ ची रिस्टोअर वापरा. ६ मध्ये बॅकअप कमांड काढून टाकली, पण २.० ते ५.० पर्यंतचे जुने बॅकअप वाचता यावेत म्हणून रिस्टोअर ठेवली. आधी कमांडला /डी स्विच (जादा पर्याय) लावा, म्हणजे फाईल न उतरवता नुसती यादी दिसेल. फायली मूळच्याच डायरेक्टरीत परत जातात, म्हणून सगळं हवं असेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी, /एस लावून, म्हणजे आतल्या डायरेक्टऱ्याही येतात. डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या भानगडीत पडू नका. ८६बॉक्स हा प्रोग्राम अख्ख्या जुन्या पीसीची नक्कल करतो, त्यात खरा डॉस टाका; पुढची फ्लॉपी मागितली की खालच्या पट्टीतून इमेज बदला.

कॅटलॉग_हरवला:
साडेतीन इंची डबा एमएस-बॅकअपचा. डॉस ६ सोबत १९९३ मध्ये आला, मूळ सिमँटेकचं नॉर्टन बॅकअप. नावातच सगळं आहे: सी ते सी ड्राइव्ह, ५ म्हणजे १९९५, ०३३१ म्हणजे ३१ मार्च, ए म्हणजे त्या दिवसाचा पहिला. कर सल्लागाराकडे ३१ मार्चचा बॅकअप, अजून काय हवं! हा रिस्टोअर कमांडने उघडणार नाही, एमएस-बॅकअपच लागेल. कॅटलॉगची (बॅकअपमधल्या फायलींच्या यादीची) प्रत संचातल्या शेवटच्या फ्लॉपीवर असते, ती 'रिट्रीव्ह'ने घ्या. तीच फ्लॉपी गेली असेल तर 'रिबिल्ड', पण त्यासाठी सगळा संच एकेक करून घालावा लागतो. चूक-दुरुस्तीचा पर्याय मुळात चालू असतो. थोडी जागा खातो, पण आज तोच तुमच्या कामाला येईल.

रत्नांग्री:
घालायच्या आधी लांबट खिडकीतून पृष्ठभाग बघा. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. तशी फ्लॉपी घातली की ती तर खरवडतेच, वर हेडवर घाण बसून पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही चरे पडतात. आमच्या कोकणातल्या डब्यांचं तर विचारूच नका. आयसोप्रोपिल आणि मऊ कापड, सावकाश.

वारणाकाठ:
३१ मार्च! वडील शंभर टक्के असंच करणार. फास्टबॅकचं काय पण? त्या फ्लॉप्या खराब झाल्यात का?

दोन_ड्राइव्हवाला:
खराब असतीलच असं नाही. फिफ्थ जनरेशन सिस्टिम्सचं फास्टबॅक डॉसचं फॉरमॅट वापरतच नव्हतं, म्हणून डिर काही दाखवणार नाही. वेगाचं गुपितही वेगळं होतं. डीएमएच्या (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवण्याच्या सोयीच्या) जोरावर हार्डडिस्क वाचणं आणि फ्लॉपीवर लिहिणं एकाच वेळी चाले. दोन ड्राइव्ह असतील तर एकात लिहून होईपर्यंत दुसऱ्यातली फ्लॉपी बदलायची. म्हणूनच यांची साधी सेक्टर-इमेज काढू नका, ग्रीझविझलने कच्चा फ्लक्स, म्हणजे वर सांगितलेले चुंबकीय बदल, टिपा. मग फास्टबॅकची जुळती आवृत्ती शोधून खऱ्या मशीनवर प्रयत्न करा.

३८६ साठी माझं मत फास्टबॅक. मजा त्यातच आहे.

कॅटलॉग_हरवला:
मजा तुम्हाला, डोकेदुखी त्यांना. डीएमए काही मशीनवर बिनसतो आणि उद्या फ्लॉपी दुसरीकडे वाचायची तर पुन्हा तेच सॉफ्टवेअर हवं. ६.२२ टाका, एमएस-बॅकअप आयताच येतो. पहिल्यांदा सुसंगतता चाचणी घेईल, दोन फ्लॉप्या जवळ ठेवा; ती टाळू नका. मग महिन्याला पूर्ण, आठवड्याला डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेल्या सगळ्या फायली). इन्क्रिमेंटल (फक्त मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या फायली) नको, परत आणताना मधला प्रत्येक संच लागतो. टेप ड्राइव्ह असेल तरच पीसी टूल्सचं सेंट्रल पॉइंट बॅकअप बघा, एमएस-बॅकअपला टेप कळत नाही.

डॉसप्रेमी:
फ्लॉपीवर हौस भागवा, पण जपायचा डेटा आयडीई (हार्डडिस्कच्या जोडणीचा) अडॅप्टर लावून सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्डवर डॉसच्या एक्सकॉपी कमांडने उतरवा.

इस्की_अभ्यासक:
एक राहिलं. फायली परत आल्या आणि त्यांत मराठी असेल तर उघडल्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतील. घाबरून टाकून देऊ नका. त्या काळी ऑफिसांत सी-डॅकचं जिस्ट कार्ड (पीसीवर भारतीय लिप्या आणणारं) असायचं, त्यातला मजकूर इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतप्रणालीत) असतो. युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीवरच बेतलेला असल्यामुळे रूपांतर सोपं आहे, आयसीयू या युनिकोडच्या खुल्या लायब्ररीत तयार कन्व्हर्टर मिळतो. फॉन्ट वापरून टंकलेलं असेल तर प्रकरण वेगळं. मग फॉन्टचं नाव शोधावं लागेल.

वारणाकाठ:
मशीनमध्ये जिस्ट कार्ड होतं, आईला नाव आठवतंय. ग्रीझविझल मागवतो. सव्वापाच इंची ड्राइव्ह पुण्यात कुणाकडे विकाऊ असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.